दाबलं की पांढरं, सोडलं की लाल

माणसाला आपली पाठ दिसत नाही. बूड तर नाहीच नाही. मला सत्तरी लागायला आली तोवर माझं मी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नाही म्हणून काही अडलंही नव्हतं. ते माझ्यामागं होतं, माझं वजन पेलत होतं, एवढं पुरे होतं.

मग मी बंडीवरून पडली.

कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, भरताना वर एक जण उभं राहून कापूस पायानं तुडवतं, म्हणजे जास्त मावतो. आमच्या घरी ते काम माझं. गड्यांचा पाय हलका पडतो, त्यांना घरी जायची घाई असते. मी तुडवलेली बंडी पांढरकवड्याच्या जिनिंगपर्यंत जायची, पण वाटेत एक पुंजका खाली पडायचा नाही. त्या वर्षी पुंजका नाही पडला, मी पडली. पाठीवर, ओट्याच्या दगडी कोपऱ्यावर. तेव्हापासून कमरेखाली माझं काही नाही. म्हणजे आहे, सगळं जागच्या जागी आहे, पण मला त्याची खबर येत नाही. मुंगी चावो की निखारा पडो, तिकडचं तिकडंच. आता चाकाच्या खुर्चीत बसून घर चालवते, आणि आधीपेक्षा बरं चालवते, कारण ओसरीवरून मी हलत नाही आणि माझ्या नजरेतून कोणी सुटत नाही.

पहिल्या वर्षी मात्र माझी खोड मोडली. सकाळी खुर्चीत बसली की मी सांजच्याला उठायची. दुखतच नव्हतं, तर उठायचं कशाला? बसायच्या हाडावर आधी नुसता डाग आला. मग कातडी गेली. मग लिंबू बसेल एवढा खड्डा झाला. नागपूरच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून आल्यावर तो अख्खा हिवाळा मी पालथं पडून काढला. हिवाळाभर मला फरशी दिसली आणि माणसांचे पाय दिसले. कोण आलं, कोण गेलं, कोण रागात आहे, कोण खोटं बोलतं, हे मी टाचांवरून ओळखायला शिकली. सून विचारायला यायची, "आई, भाजी कोणती टाकू?" आणि मी तिच्या जोडव्यांशी बोलायची. पुन्हा तसं झालं तर मी जगणार नाही असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. मरायचं कसं, ते ठरवायचं राहून गेलं.

नागपूरला भैरवी मॅडम म्हणून एक पोरगी होती, व्यायाम शिकवणारी. ती म्हणाली, "कोकिळाबाई, तुम्हाला दुखत नाही. म्हणजे दुखण्याचं काम आता डोळ्यांना करावं लागेल." मला तिचं बोलणं आवडलं. लहान तोंड, पण आत अक्कल. तिनं हवेची गादी दिली, कोंबडीच्या अंड्यांसारखे फुगे असलेली. थोड्या थोड्या वेळानं पुढं झुकायचं, छाती मांडीला टेकेपर्यंत, म्हणजे हाडांवरचा भार निघतो. मग डावीकडं कलायचं, मग उजवीकडं. ओल राहू द्यायची नाही. खाली शिवण, गाठ, नाडी येऊ द्यायची नाही. लाल दिसलं तर तेल लावून चोळत बसायचं नाही. आणि रोज सकाळी घरातल्या कोणीतरी पाहायचं.

पाहायचं काम प्रेरणाकडं आलं. प्रेरणा माझी सून, गोपालची बायको, नेरकडची. कमी बोलते. आमच्या घरात जास्त बोलायची जागा रिकामी नव्हतीच म्हणा. रोज सकाळी ती मला कुशीवर वळवायची, मोबाईलची बत्ती लावायची, बसायच्या हाडांवर, माकडहाडावर, टाचांवर बोट टेकवायची आणि म्हणायची, "दाबलं का पांढरं, सोडलं का लाल. बरं हाये आई."

"सांगून कायले राह्यली? मी काय परीक्षेले बसली?"

"बसल्या तं हायेच न," ती म्हणायची आणि लुगडं सारखं करायची.

रोज तेच वाक्य. देवाजवळची घंटा ऐकावी तसं मी ते ऐकायची, म्हणजे ऐकायचीच नाही.

झुकण्याचं मात्र मी माझ्या रीतीनं बसवलं. घड्याळाला विचारून झुकायचं मला जमलं नाही. आजवर कोणाला विचारून काही केलं नाही, आता त्या भिंतीवरच्या डबीला विचारू? आमची ओसरी रस्त्याला लागून आहे. कोणी गेलं की मी पुढं झुकून विचारायची, "कोण व? कुठं चालली?" उत्तर येईस्तोवर झुकलेलीच. मग डावीकडं कलून ते कुठून आलं ते पाहायचं, उजवीकडं कलून कुठं वळलं ते पाहायचं. गावात बोभाटा झाला की कोकिळाबाईला लय चवकशा. बंजारा तांड्यावरची रुपीबाई माझ्याच वयाची आहे, आमच्या वावरात वेच्याला येते, म्हणजे कापूस वेचायला, आणि माझ्याशी भांडायची हिंमत असलेली तेवढी एकच. ती तोंडावर म्हणाली, "बाई, कुत्रं गेलं तरी तुमी इचारता."

"कुत्र्याचं उत्तर तुह्यापेक्षा खरं असते."

तिला काय ठाऊक, मी औषध घेत होती.

यंदा नवरात्रात एक दिवस अख्खं गाव केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनाला गेलं. ऑटो भरून, ट्रॅक्टर भरून. आमच्या घरचेही गेले. प्रेरणा राहते म्हणाली होती, मीच तिला पाठवलं. मला राखण लागत नाही. मी ओसरीवर बसली आणि रस्त्याकडं पाहत राहिली. रस्त्यानं कोणी गेलंच नाही. कोणाला विचारू? विचारायचं नाही तर झुकायचं कशाला? चंची उघडली आणि दिवसभर सुपारी कातरत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणानं बोट टेकवलं आणि वाक्य म्हटलं नाही.

"काय झालं? वाचा बसली?"

"आई, उजव्या हाडावर लाल हाये. मधात खळगी पडल्यावानी." तिनं खुर्चीची गादी उचलून झटकली. टप् असा आवाज झाला. तिनं तळहात माझ्या तोंडापुढं धरला. त्यावर सुपारीचं खांड होतं. एवढंसं. दातानं फुटेना म्हणून मी बाजूला ठेवलं होतं ते.

"ह्याच्यावर बसल्या तुमी कालदी दिवसभर."

"एवढ्याशा खांडानं काय होते?"

"तेच पायतो न आपण. दाबलं तं पांढरं होऊन राह्यलं अजून, पण रंग लवकर येत नाही. बसाचं नाही आता, आई. लाल जाईपर्यंत पालथं राहा लागते."

"अन् सीतादही?"

ती गादी पुसायला लागली.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडं पहिला कापूस फुटला की वेच्याआधी वावरात सीतादही करतात. चांगली भरलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, पाहायची, तिच्या बुडाशी जमिनीवर पाच दगड मांडायचे, त्यांना हळद-कुंकू लावायचं, दही-भात ठेवायचा, पहिल्या बोंडाचा कापूस त्यांच्यावर पांघरायचा. मग बाया ओळीत शिरतात. आमच्या घरी हे घरातल्या थोरल्या बाईनं करायचं. माझ्या सासूनं केलं, मग मी केलं. पडल्यावरसुद्धा दरवर्षी गोपाल आणि एक गडी मला खुर्चीसकट उचलून न्यायचे. खुर्चीतून माझा हात जमिनीला पोचत नसे, मी वरून दही-भात सोडायची आणि प्रेरणा तो दगडांवर सारायची. पण मी करायची.

प्रेरणा हळू म्हणाली, "सीतादही यंदा मी करीन न."

झालं. पुढचं काय बोलणं झालं ते सगळं लिहीत नाही, शेजाऱ्यांनी ऐकलं आहेच. शेवटी मी म्हटलं, "आजपासून माह्या पाठीकडं पाहाचं नाही. पाठ माही हाये." आणि पुढं सकाळी ती बत्ती घेऊन आली की मी खाटेचा गज धरून ठेवायची.

असं नाही की मला भीती नव्हती. फरशीची भीती होतीच. म्हणूनच मी उपाय केला, आणि तो असा की कोणाला शिकवावा लागू नये. बाईमाणूस डोक्यावर पाण्याची गुंडी घेते तेव्हा खाली चुंबळ ठेवते. धडप्याचं गोल वेटोळं. भार कडेवर राहतो, टाळू मोकळी राहते. जन्मभर मी चुंबळीवर पाणी वाहिलं, टाळूला कधी खळगी पडली नाही. तर मग हाडाला चुंबळ का नाही? प्रेरणा वावरात असताना मी शेजारणीला जुनं नऊवारी काढायला लावलं, त्यात घरचा कापूस भरला, घट्ट पिळून गोल केलं, दाभणानं टाके घातले आणि हवेच्या गादीवर ठेवलं. बरोबर मधल्या भोकावर ते लाल हाड येईल अशी बसली. डाग अधांतरी. बायाबापड्या पाहून गेल्या. "वा रे डोकं!" म्हणाल्या. मी म्हटलं, डोकं नाही, अनुभव. आणि ज्या येत गेल्या त्यांना पुढं न झुकताच विचारलं, कारण आता झुकायची गरज काय राहिली होती?

प्रेरणापासून लुगड्याखाली झाकलेलं हे गुपित फोडलं रुपीबाईनं. तिच्या मनात काही नव्हतं. नळावर प्रेरणाला म्हणाली, "तुही सासू राणी हाय व. बुडाले बी चुंबळ केली."

प्रेरणा हंडा तसाच टाकून आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मी आवरलं असतं तिला. ती माझ्यापुढं खाली बसली, माझ्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला आणि माझं बोट हातात धरून पेरावर गोल गोल गुंडाळला. ओढला.

"काय करून राह्यली व?"

"चुंबळ."

बोटाचं टोक आधी लालबुंद झालं. मग जांभळं. मग काळं-निळं पडायला लागलं, आणि त्यात असा ठणका सुरू झाला की मी दुसऱ्या हातानं खुर्चीचा दांडा धरला.

"टोकाले कशाचा धक्का लागून राह्यला का, आई? टोक मोकळंच हाये न? अधांतरी?" ती टोकाकडं बोट करून म्हणाली. "भवताल आवळलं का मधात रगत जातच नाही. डोक्यावर दोन घडी गुंडी असते, अन् डोक्याले कळते. तुमच्या बुडाले कळते का?"

तिनं दोरा सोडला. आणि मी पाहिलं. बोटाच्या टोकात रंग परत आला. कोणी आणला नाही, कोणी सांगितलं नाही. पाटात पाणी सोडल्यावर ते सरीसरीनं वावरात शिरतं, तसा तो नखाखालून वर चढत गेला. जन्मभर हे बोट माझ्यापाशी होतं. जन्मभर हे त्यात चालू होतं. मी बोट धरून पाहतच राहिली.

"पाठ दाखवता का आता?" प्रेरणा म्हणाली.

मी खाटेचा गज धरला नाही.

तिनं पाहिलं, बोट टेकवलं. मग मोबाईलनं फोटो काढला आणि माझ्या डोळ्यांपुढं धरला.

"कोणाचा हा?" मी विचारलं.

"तुमचा."

मला खरंच ओळखू आला नाही. मला वाटलं होतं म्हाताऱ्या बाईचं काहीतरी सुरकुतलेलं दिसेल. मला दिसली एक जमीन. उतार, खळगे, एका बाजूला तो जुना खड्डा भरून आलेली चकचकीत, पांढरट कातडी, शिवल्यासारखी. दुसऱ्या बाजूला जांभळा गोल, आणि भोवती चुंबळीचा वळ, रांगोळी काढल्यासारखा. एवढं सगळं माझ्यामागं चाललं होतं आणि मी ओसरीवर बसून गावाला विचारत होती, कुठं चालली.

"दाबून दाखव," मी म्हटलं.

"दाबलं आई. पांढरं होत नाही."

आता हाडापर्यंतची थंडी काय असते ते सांगते. मला ती छातीत वाजली, कारण तेवढंच वाजायला उरलं होतं.

तिनं फोटो नागपूरला भैरवी मॅडमला पाठवला. मी ओरडली, "माहं बूड फोनवर धाडलं? पन्नास वर्षं संसार केला त्या माणसानं नाही पाह्यलं!" माझ्या घरधन्याचं नाव सदाशिवराव. तोंडानं मी घेत नाही, लिहायला हरकत नाही. ते दारात उभे होते. त्यांनी खाली मान घालून म्हटलं, "मी तं इचारलंबी नोतं." आणि त्या तसल्या वेळी प्रेरणाला हसू आलं, आणि मलाही.

मॅडमचा फोन लगेच आला. "चुंबळ जाळून टाका. यावर आता अजिबात बसायचं नाही. कातडी फुटलेली नाही, हे तुमचं नशीब. आजच डॉक्टरला दाखवा. पांढरं-लाल पुन्हा सुरू झालं तर वाचलात. हाताला घट्ट किंवा गरम लागलं, कातडी निघाली, तर लगेच घेऊन या."

"कातडी तं चांगली दिसते न, मॅडम," मी आडून म्हटलं.

"कातडी शेवटी जाते, कोकिळाबाई. सुरुवात आत होते, हाडापाशी."

हे मला कळलं. मॅडमला कापसातलं काही कळत नसेल, पण तिनं कापसाचंच सांगितलं. ओला कापूस गंजीला लावला की वरून पांढराशुभ्र दिसतो. आठ दिवसांनी हात खुपसला तर आत चुलीसारखं तापलेलं. वरचा थर पिवळा पडेपर्यंत आतलं सगळं गेलेलं असतं. घरी कापूस आला की मी आधी हात खुपसून पाहते, मग बाकीचं बोलते. आणि माझ्या अंगाची गंजी मी वर्षानुवर्षं न पाहता ठेवली होती. पाहत होती ती कमी बोलणारी पोरगी, रोज सकाळी, बत्ती लावून.

पांढरकवड्याचे डॉक्टर येऊन गेले, तेही तेच म्हणाले. मी पालथी पडली. पुन्हा फरशी, पुन्हा पाय. पण यावेळी एक गोष्ट वेगळी होती. सकाळी प्रेरणानं बोट टेकवलं की मी श्वास धरायची. आधी न ऐकलेलं ते वाक्य ऐकायला मी जीव कानात आणायची.

"नाही, आई."

दुसऱ्या दिवशी, "नाही." मग एका सकाळी, "कडेकडेनं थोडं होते वाटते. मधात नाही."

इकडं कापूस फुटला. यंदा फुटला असा की ओसरीवरून गोपाल सांगायचा आणि त्याचा आवाज बदलायचा. वर ढग. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं की त्याची वात होते. वेचा थांबवता येत नव्हता, आणि सीतादहीशिवाय आमच्या वावरात बाई शिरत नाही. मी जोडव्यांकडं पाहून म्हटलं, "प्रेरणा, दही लाव. तू करजो."

जोडवी हलली नाहीत. मग तिच्या मागं दोन जुन्या चपला येऊन थांबल्या, त्या मी पन्नास वर्षं ओळखते.

"खुर्चीत बसून जाता येत नाही," सदाशिवराव म्हणाले. "पालथं पडून तं जाता येते. कापूस जाते तशी जाय."

"म्हणजे?"

"बंडीत."

त्या बंडीला मी पडल्यापासून हात लावला नव्हता. मी म्हटलं, "गावानं पाहाचं का मले बंडीत पालथी?"

"गावाले तू इतके वर्षं इचारलं, कुठं चालली. एकदा गावाले इचारू दे."

गोपालनं बंडीत आधी कडब्याचा थर दिला, वर दोन जाड गाद्या, वर धुतलेली गोधडी, एकही सुरकुती नाही अशी ताणून. चौघांनी मला उचललं. ओढायचं नाही, उचलायचं, असं प्रेरणा सारखी सांगत होती. ओढलं की कातडी खरवडते. बैल अगदी सावकाश चालवले. आणि गावानं विचारलं. दारादारातून, "कोकिळाबाई, कुठं चालल्या व?" मी मान वर करून प्रत्येकीला सांगितलं, "वावरात. तुह्या बापाचं काही गेलं?"

वावरात ताडपत्री घातली, गाद्या मांडल्या, आणि मला एका भरल्या पऱ्हाटीपाशी पालथं ठेवलं. छातीखाली उशी. माझी हनुवटी आणि जमीन यांच्यात एक वीत अंतर.

जन्मभर मी कापूस वरून पाहिला. कमरेत वाकून, डोक्यावरून, शेवटी खुर्चीतून. खालून कधी पाहिला नव्हता. खालून पाहिलं तर पऱ्हाटीचं खोड माझ्या अंगठ्याएवढंच होतं, त्यावर पूर्ण झाड, आणि झाडावर पांढरं किती, याला माझ्यापाशी शब्द नाही. प्रत्येक बोंड आपलं टरफल मागं टाकून खाली लोंबत होतं, माझ्या तोंडाकडं. मधून ऊन येत होतं. खोडापाशी मुंग्यांची ओळ चालली होती आणि भेगाळलेल्या काळ्या मातीचा वास नाकात जात होता. पडल्यापासून या जमिनीला माझा हात लागला नव्हता. आता पूर्ण तळहात टेकला. गार होती. मला कळलं की गार आहे.

वेच्याच्या बाया भोवती उभ्या होत्या. मला त्यांचे पाय दिसत होते.

"बस इथं," मी प्रेरणाला म्हटलं. ती मातीत बसली. तिनं दगड मांडले, हळद-कुंकू तिनं लावलं. दही-भात मी ठेवला, माझ्या हातानं, दगडावरच. पहिल्या बोंडाचा कापूस दोघींनी मिळून पांघरला. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. आमच्या घरात असं आधी झालं नव्हतं.

मग प्रेरणा म्हणाली, "आई, सकाळी घाईत पाह्यलं नाही. पाहू का?"

"इथं?"

"बंडीत हादरे बसले न. पाहा लागते."

गोपाल आणि हे बैलांचं निमित्त काढून वावराच्या कडेला धुऱ्याकडं गेले. बायांनी लुगड्यांचे पदर ताणून भोवती आडोसा केला. एक काळ असा होता की मी त्या आडोशातल्या एकेकीला हाकललं असतं. त्या दिवशी मी म्हटलं, "पायजे तिनं पाहा. पैसे नाही लागत."

मला काय दिसणार? पाय. रुपीबाईच्या पायातली पितळी कडी, कोणाची रबरी चप्पल, कोणाची भेगाळलेली टाच. कमरेखाली बोट टेकलं की नाही हे मला कळत नाही. पण मी पाय वाचते. सगळे पाय हलायचे थांबले. मग एकेक टाच जमिनीवरून उचलली गेली, वाकून पाहायला.

"दाबलं..." प्रेरणा म्हणाली. "आई. पांढरं झालं. मधातबी."

"सोड."

वावरात पाखरू ओरडलं तेवढंच.

"याडी ये," रुपीबाई पुटपुटली. आईला हाक मारतात ती त्यांच्या बोलीत. "आलं व. पाणी आल्यावानी आलं. कुठून आलं?"

"आतून," प्रेरणा म्हणाली. "अजून बसाचं नाही आई, लाल हायेच. पण जितं हाये."

"मी दाबू का एकडाव?" रुपीबाईनं विचारलं.

"हात धुवून ये," मी म्हटलं. ती खरंच गेली, मटक्याच्या पाण्यानं हात धुवून आली. तिनं दाबलं, सोडलं. मग दुसरीनं विचारलं. जन्मभर कापूस वेचून ज्यांची बोटं टरफलांनी ओरखडली होती, त्या एकेक करून माझ्या हाडावर बोट टेकवून पाहत होत्या, आणि मला त्यातलं काही लागत नव्हतं. मी फक्त ऐकत होती. दर खेपेला आधी शांत व्हायचं आणि मग कोणाच्या तरी तोंडून हळूच निघायचं, "आलं." जणू ते येईल याचा भरवसा कोणालाच नव्हता, आणि तरी ते येतच होतं.

माझ्या नाकापुढं पांढरा कापूस, मागं ते परत येणारं लाल. मी डोळे मिटले नाहीत.

ढग पुढं सरकला तशी मला जाग आल्यासारखं झालं. मी म्हटलं, "चला, ओळी धरा आता. कापूस तिकडं फुटला, माह्यापाशी कायले उभ्या राह्यल्या?"

एकही टाच हलली नाही. मीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही.